कोपराच्या स्नायूत हाड कुठून येतं?

निखळलेलं कोपर जागेवर बसवलं, पट्टी निघाली, हात हळूहळू हलायलाही लागला. घरचे निर्धास्त झाले. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गणित बिघडलं. गेल्या सोमवारी काटकोनाच्या पुढे वाकणारं कोपर आता काटकोनापर्यंतही येईना. पुढच्या बाजूला, हात दुमडल्यावर वळी पडते त्या जागी, दाबलं की दुखणारा घट्ट गोळा लागतो. तिथली कातडी आजूबाजूपेक्षा जरा गरम. घरच्यांचं निदान तयार असतं : 'व्यायामाचा कंटाळा करतोय.' मग वडील किंवा काका मनगट धरून कोपर जोर लावून वाकवायला बसतात आणि आजी तेल कोमट करायला घेते. हेतू दोघांचाही चांगला. पण दोघंही त्या गोळ्याला खतपाणीच घालत असतात.

कारण तो गोळा म्हणजे आत तयार होऊ लागलेलं हाड असू शकतं. मोडलेल्या हाडाचा निसटलेला तुकडा नव्हे, सांधा नीट न बसल्यामुळे वर आलेलं टोकही नव्हे. स्नायूच्या मांसात, जिथे हाडाचं काहीच काम नाही तिथे, शरीर नवं हाड घडवत असतं. डॉक्टर याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. फाइलवर कधी हेटरोटोपिक ऑसिफिकेशन असंही लिहिलेलं दिसेल. ते जरा मोठ्या कुटुंबाचं नाव आहे : भलत्या जागी हाड तयार होण्याचे सगळे प्रकार त्यात येतात.

हे कोपरालाच जास्त का होतं, हे समजायला दंडाच्या आत डोकवावं लागतं. ताकद दाखवताना आपण जी बेटकुळी काढतो तो बायसेप्स. त्याच्या खाली, दंडाच्या हाडाला चिकटून, दुसरा एक स्नायू असतो : ब्रेकियालिस. वाहवा बायसेप्सची होते, पण कोपर वाकवण्याचा मुख्य भार हा खालचाच वाहतो. बायसेप्स कोपराजवळ येईपर्यंत निमुळता होऊन दोरीसारखी कंडरा बनतो. ब्रेकियालिस मात्र सांध्यासमोरून जातानाही भरदार मांसल असतो आणि सांध्याच्या आवरणाला अगदी लागून असतो. दहीहंडीत वरच्या थरावरचा गोविंदा कोसळतो, कॉलेजची मुलगी ओल्या रस्त्यावर स्कूटीवरून घसरते, सुट्टीत मूल जांभळाच्या फांदीवरून पडतं. तिघांनीही पडताना हात पुढे टेकवलेला असतो. अशा पडण्यात कोपर बहुतेक वेळा मागे निखळतं. म्हणजे कोपराखालची हाडं मागे सरकतात आणि दंडाच्या हाडाचं खालचं टोक पुढे घुसतं, थेट ब्रेकियालिसमध्ये. स्नायू ताणला जातो, फाटतो, आत रक्त साकळतं. लहान मुलांत, विशेषतः ५ ते ७ या वयात, सांधा निखळण्यापेक्षा कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडणं जास्त आढळतं. तिथेही मोडलेलं टोक याच स्नायूत शिरतं.

फाटलेल्या प्रत्येक ब्रेकियालिसमध्ये हाड तयार होत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बहुतेकांचा स्नायू मुकाट्यानं भरून येतो. सांधा निखळण्याबरोबर हाडही मोडलं असेल, बसवण्यासाठी दोन-तीनदा ओढाताण झाली असेल, शस्त्रक्रियेला बराच उशीर झाला असेल किंवा त्याच अपघातात डोक्यालाही मार लागला असेल, तर धोका वाढतो.

साकळलेल्या रक्तातून हाड

स्नायू फाटला की दुरुस्तीसाठी शरीराची यंत्रणा धावते. साकळलेलं रक्त उपसणाऱ्या पेशी येतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. स्नायूच्या धाग्यांच्या अधेमधे काही पेशी एरवी स्वस्थ पडून असतात. अजून त्यांचं काम ठरलेलं नसतं. मिळेल त्या संदेशानुसार त्या चरबीच्या, तंतूंच्या, कूर्चेच्या (नाकाच्या शेंड्यात असतो तसल्या लवचिक भागाच्या) किंवा हाडाच्या पेशी होऊ शकतात. दुखापतीच्या जागी सूज दांडगी असली, सतत नव्यानं चेतवली जात असली, की 'हाड बनवा' असा संदेश जास्त जोरात जातो. या पेशी आधी मऊ कूर्चा बनवतात, मग तिच्या जागी हाड येतं. आईच्या पोटात बाळाचं दंडाचं हाड ज्या वाटेनं तयार होतं, तीच ही वाट. म्हणजे स्नायूचे धागेच हाडाचे होतात असं नाही, त्यांच्या मधल्या जागेत हाड वाढतं.

असा काही संदेश असतो याचा पक्का पुरावा १९६५ मध्ये मिळाला. लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्शल युरिस्ट हे हाडांचे सर्जन काम करत होते. त्यांनी हाडाचा तुकडा आम्लात ठेवून त्यातलं सगळं कॅल्शियम काढून टाकलं, आणि उरलेला मऊ सांगाडा सशांसारख्या प्राण्यांच्या स्नायूत बसवला. काही आठवड्यांत तिथे नवं हाड तयार झालं. त्या मऊ सांगाड्यातल्या प्रथिनांना पुढे त्यांनी बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन असं नाव दिलं, डॉक्टर त्यांना बीएमपी म्हणतात. आता यातलं एक प्रथिन कारखान्यात तयार होतं आणि मणक्याच्या शस्त्रक्रियांत हाड जुळावं म्हणून वापरलं जातं. तिथेही कधीकधी नको तिथे हाड वाढल्याच्या तक्रारी येतात.

युरिस्ट यांच्या प्रयोगातलं कॅल्शियम काढून टाकण्याचं पाऊल नीट लक्षात घ्या, कारण ओपीडीत हमखास येणाऱ्या एका प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. 'मग याचं दूध बंद करू का? कॅल्शियमच्या गोळ्या थांबवू का?' नाही. हा कॅल्शियमचा साठलेला गाळ नव्हे. पूर्ण वाढलेल्या या हाडात पेशी असतात, रक्तपुरवठा असतो, मज्जासुद्धा असते. कॅल्शियम ही फक्त वीट आहे. भिंत कुठे बांधायची याचा निरोप चुकला, त्याला वीट काय करणार? उलट मोडलेलं हाड जुळत असताना मुलाचं दूध तोडलं तर नुकसान त्याचंच.

तेल, मालिश आणि जोर

आता मुद्द्याचं. आपल्याकडे हात मुरगळला किंवा उतरला की हाडवैद्याकडे जाण्याची रीत जुनी आहे. कोल्हापूर-सांगलीकडे तालमीतले वस्ताद लचक काढतात, हाड बसवतात. कुस्तीगिरांना रोजच मोडतोड पाहायची सवय, त्यामुळे त्यांचा हात बसलेला असतो. आंध्र प्रदेशातलं पुत्तूर हे गाव तर हाडवैद्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे, तिथली पट्टी बांधून घ्यायला लोक लांबून येतात. या मंडळींची टवाळी करण्यात मला रस नाही. लोक त्यांच्याकडे जातात त्याला कारणं आहेत : खर्च कमी, प्लास्टरची भीती, शहरातलं हॉस्पिटल लांब, आणि 'तीन बैठकांत मोकळा करतो' हा शब्द. काही जणांना गुणही येतो. साध्या मुरगळलेल्या घोट्याला आलाच असता.

पण कोपर हा सांधा या बाबतीत भलताच हट्टी आहे. ताज्या दुखापतीवर, आत स्नायू फाटलेला असताना, रोज चोळलं तर जे कोवळे धागे रात्री जुळतात ते सकाळी पुन्हा तुटतात. पुन्हा थोडं रक्त, पुन्हा सूज, पुन्हा तोच संदेश. जोर लावून सांधा वाकवणं हे त्याच जातीचं. भारतातल्या हाडांच्या डॉक्टरांना शिकतानाच जी ताकीद मिळते ती हीच : कोपराच्या दुखापतीनंतर मालिश नको. आणि इथे हाडवैद्य एकटा आरोपी नाही. पांढऱ्या कोटातला माणूसही घाईघाईनं तेच करू शकतो. रुग्णाला भूल देऊन ताठरलेलं कोपर कडाकडा वाकवण्याचा प्रकार पूर्वी चालायचा. फिजिओथेरपीच्या टेबलावर 'थोडं सहन करा' म्हणत जोर लावणारेही भेटतात. मोबाइलवरच्या व्हिडिओंबद्दल तर बोलायलाच नको.

याला प्रयोगाचाही आधार आहे. १९८० मध्ये फिनलंडमधल्या मायकेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सशाच्या मागच्या पायाचा गुडघा बांधून ठेवायचा, रोज एकदा सोडून काही मिनिटं जोर लावून हलवायचा, पुन्हा बांधायचा. काही आठवड्यांत मांडीच्या स्नायूंत हाड दिसू लागलं. ससा म्हणजे माणूस नव्हे आणि गुडघा म्हणजे कोपर नव्हे, हे मान्य. पण बांधून ठेवायचं आणि दिवसातून एकदा जोर लावायचा, हे वेळापत्रक ओळखीचं वाटतं ना? दिवसभर झोळीत हात, संध्याकाळी काका.

मग कोपर तसंच ठेवायचं का? तेही नाही. पट्टीत फार काळ राहिलेलं कोपर नुसत्या बसून राहण्यानंही ताठरतं. सगळा फरक आहे तो हालचाल कोण करतो यात. स्वतःच्या स्नायूंनी, स्वतःच्या दुखण्याच्या मर्यादेत केलेली हालचाल चांगली. रुग्ण जिथे थांबतो तिथून पुढे दुसऱ्यानं रेटणं घातक. डॉक्टरांनी हालचालीला परवानगी दिली की एक साधी पद्धत अशी : पाठीवर झोपायचं, दंड छताकडे सरळ उभा धरायचा, दुसऱ्या हातानं त्याला आधार द्यायचा. आता कोपरापुढचा हात कपाळाच्या दिशेनं आपल्या वजनानं हळूहळू खाली येऊ द्यायचा, मग स्वतःच परत वर न्यायचा. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. मुलांना हे व्यायाम म्हणून सांगितलं तर ती करत नाहीत. पत्ते पिसायला द्या, लाटणं द्या, कणीक मळायला बसवा. दप्तर मात्र त्या हातात देऊ नका. 'वजनानं हात सरळ होईल' म्हणून पाण्यानं भरलेली बादली उचलायला लावणं हाही जोर लावण्याचाच प्रकार.

किती दुखलं तर चालेल? व्यायाम करताना थोडं ओढल्यासारखं होऊन नंतर शमत असेल तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर कालच्यापेक्षा सुजलेलं, गरम आणि जास्त आखडलेलं असेल तर काल जास्त झालं. त्या दिवशी बर्फाचा शेक, विश्रांती आणि उद्या निम्म्यावर. प्रगती दिवसागणिक मोजू नका, आठवड्यागणिक मोजा. आणि जी हालचाल वाढत होती ती सलग काही दिवस घटत चालली असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला सांगितलेला गोळा आणि उष्णता सोबत असेल तर त्याच दिवशी.

एक्स-रेमधलं उशिरा उमटणारं चित्र

पहिल्या दोन आठवड्यांत एक्स-रे कोरा येतो. हाडात अजून क्षार भरलेले नसल्यामुळे क्ष-किरणांना दिसण्यासारखं काही नसतं. 'एक्स-रे नॉर्मल आहे, मग जोर लावायला काय हरकत?' हा गैरसमज इथूनच निघतो. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सांध्यासमोर पुसट ढगासारखी छाया उमटते. सोनोग्राफीत याच्याही आधी संशय येऊ शकतो. सहा ते आठ आठवड्यांत त्या छायेला स्पष्ट कड येते, अंड्याच्या टरफलासारखी : बाहेर टणक हाड, आत अजून कोवळं. पुढचे काही महिने ते आतपर्यंत पक्व होत जातं आणि अनेकदा आकारानं थोडं आक्रसतंही. मुलांमध्ये तर लहान गोळा वर्षभरात पार विरघळून गेल्याचीही उदाहरणं आहेत.

बाहेर पक्कं, आत कच्चं ही रचना अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट लॉरेन अ‍ॅकरमन यांनी १९५८ मध्ये नीट मांडली, आणि तिनं अनेकांचे हात वाचवले. कारण सुरुवातीच्या टप्प्यात या गोळ्याच्या मध्यातून सुईनं तुकडा काढून तपासला, तर सूक्ष्मदर्शकाखाली वेगानं वाढणाऱ्या पेशी दिसतात आणि हाडाच्या कॅन्सरचा, ऑस्टिओसार्कोमाचा, भास होऊ शकतो. कॅन्सरमध्ये सहसा याच्या उलट असतं : मध्य जास्त पक्का, कडा कच्च्या आणि आजूबाजूला घुसणाऱ्या. म्हणून स्पष्ट दुखापतीचा इतिहास असेल तर अनुभवी डॉक्टर बायोप्सीची घाई करत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढतात, गरज पडली तर सीटी स्कॅन. सीटीत ती टणक कड सगळ्यात स्वच्छ दिसते. याच दिवसांत केलेला एमआरआय भोवतालच्या सुजेमुळे फार भयंकर दिसू शकतो, रिपोर्ट वाचून घाबरू नका. मात्र कुठलाही मार लागल्याचं आठवत नसताना गोळा आला असेल, किंवा तीन महिन्यांनंतरही तो वाढतच असेल, रात्री झोपमोड करत असेल, तर कॅन्सरची शक्यता नीट तपासून घ्यायलाच हवी.

औषधांचं थोडक्यात. इंडोमेथासिन हे सूज उतरवणारं जुनं औषध नवं हाड तयार होण्याला लगाम घालतं. म्हणून धोका जास्त असलेल्या रुग्णांना दुखापतीनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर ते काही आठवडे देतात. पण ते पोटात व्रण करू शकतं, मूत्रपिंडावर ताण आणतं आणि मोडलेलं हाड जुळण्यातही अडथळा आणू शकतं. मेडिकलमधून आपल्या मनानं घेण्याची ही गोळी नव्हे. दुसरा उपाय म्हणजे किरणोपचाराचा एकच हलका डोस. खुब्याचा सांधा बदलल्यावर तो चांगला उपयोगी पडतो. कोपराच्या ताज्या दुखापतीत मात्र अमेरिकेतल्या एका चाचणीत तो अंगलट आला. किरण दिलेल्यांपैकी इतक्या जणांची मोडलेली हाडं जुळेनात की चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१० मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

याच कुटुंबातले दोन प्रकार थोडक्यात सांगायला हवेत. डोक्याला किंवा मणक्याला गंभीर मार लागून जे रुग्ण बेशुद्ध किंवा लुळे राहतात, त्यांच्या खुब्याला आणि कोपराला स्थानिक दुखापत नसतानाही हाड वाढू शकतं. पहिल्या महायुद्धात पाय लुळे पडलेल्या सैनिकांमध्ये हे पाहून ऑगस्टा देजरीन-क्लुम्पके आणि सेलिये यांनी १९१८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं होतं. मोठ्या भाजण्यानंतर तर कोपर हीच त्याची आवडती जागा. अशा रुग्णांना करंगळीत आणि शेजारच्या बोटात मुंग्या येऊ लागल्या, तर कोपराच्या आतल्या बाजूची नस दाबली जातेय का ते लगेच पाहावं लागतं. दुसरा प्रकार अतिशय दुर्मीळ आणि जन्मजात : फायब्रोडिस्प्लेसिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा, थोडक्यात एफओपी. त्यात एका जनुकातल्या बिघाडामुळे युरिस्ट यांच्याच बीएमपीचा संदेश ऐकणारा कान सतत उघडा राहतो. एसीव्हीआर१ नावाचं ते जनुक २००६ मध्ये फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सापडलं. या मुलांच्या पायाचे अंगठे जन्मतःच आखूड आणि आत वळलेले असतात. असा अंगठा आणि अंगावर उठणाऱ्या गाठी एकत्र दिसल्या, तर त्या मुलाला दंडात किंवा कुल्ल्यात इंजेक्शनही देऊ नये आणि गाठ कापूनही पाहू नये. प्रत्येक जखम तिथे नवं हाड मागते.

शस्त्रक्रिया कधी?

आपल्या कोपराकडे परत येऊ. हाड दिसलं म्हणजे ते काढलंच पाहिजे असं नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या मॉरे आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये माणसाची रोजची कामं मोजून दाखवलं की कोपर ३० अंशांपासून १३० अंशांपर्यंत (पूर्ण सरळ हात म्हणजे शून्य अंश) वाकत असेल, तर बहुतेक कामं होतात. घास तोंडापर्यंत जातो, केस विंचरता येतात, शर्टाचं वरचं बटण लागतं. मोबाइल कानाला धरायला याहून थोडं जास्त वाकावं लागतं, पण त्याला इअरफोन आहेत. या कक्षेत हात चालत असेल, दुखत नसेल, तर एक्स-रेमधल्या गोळ्याला तसाच राहू द्यावा. एक्स-रे सुंदर दिसावा म्हणून कुणी शस्त्रक्रिया करत नाही.

घास तोंडापर्यंत पोचतच नाही किंवा सांधा एका कोनात जवळजवळ जाम झालाय, तेव्हा मात्र गोष्ट वेगळी. पूर्वी वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगत, कारण कच्चं हाड काढलं तर ते परत येतं असा अनुभव होता. पण तेवढ्या काळात सांध्याचं आवरण आणि स्नायू आखडून बसतात. आता अपघातानंतरच्या कोपरात एक्स-रेवर कडा स्वच्छ दिसू लागल्या, सूज आणि उष्णता पूर्ण गेली, की साधारण ४ ते ६ महिन्यांतही बरेच सर्जन हाड काढतात. हे काम नाजूक आहे. ब्रेकियालिसच्या अगदी समोरून हाताची मुख्य रोहिणी आणि मीडियन नावाची मोठी नस जाते, आणि वाढलेलं हाड कधीकधी त्यांना वेढून बसलेलं असतं. त्यामुळे कोपराची शस्त्रक्रिया नेहमी करणारा सर्जन निवडा, आणि 'अशा किती केल्यात?' हे विचारायला संकोचू नका.

शस्त्रक्रियेनंतर हालचाल पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू होते, इंडोमेथासिन काही आठवडे चालतं आणि फिजिओथेरपी काही महिने. नियम तोच : हालचाल रुग्णाची, मदत थेरपिस्टची, जोर कुणाचाच नाही. वाकवणं बऱ्यापैकी परत येतं. पूर्ण सरळ होण्यातले शेवटचे दहा-पंधरा अंश बहुधा उरतात, आणि ते बहुतेकांना फक्त सूर्यनमस्कार घालताना जाणवतात.